भुवया किती वर जातात?

“थांबा मॅडम,” श्रीरंग पोतदार म्हणाले आणि हात लांबवून त्यांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. “‘हर आयब्रोज शॉट अप.’ किती वर?”

“काय किती वर?”

“भुवया.”

मी पुन्हा पुस्तकात पाहिलं. लेखकाने तेवढंच लिहिलं होतं. “वर गेल्या म्हणजे उंचावल्या हो. तिला आश्चर्य वाटलं,” मी म्हणाले.

“आश्चर्य वाटलं ते पुढच्या वाक्यात आहेच. मी भुवयांचं विचारतोय. शॉट म्हणजे बंदुकीतून सुटल्यासारख्या ना? मग सुटून गेल्या कुठं? कपाळाच्या मध्यावर? का थेट केसांत?”

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. शनिवारची दुपार होती, अजून अर्धं प्रकरण वाचायचं होतं आणि खोलीत पंखा लावता येत नव्हता. पंख्याचा आवाज कॅसेटवर येतो.

सांगलीतल्या एका अंध संस्थेच्या वाचनालयात मी तेव्हा दर शनिवारी जात असे. मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी होती, आवाज बरा होता आणि उच्चार नीट होते, म्हणून बी.ए., एम.ए. करणाऱ्या अंध विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी कादंबऱ्या वाचून कॅसेटवर भरायचं काम मी हौसेने घेतलं होतं. श्रीरंग पोतदार हे त्यातले सगळ्यात मोठे विद्यार्थी. वय पस्तिशीच्या आसपास, जन्मापासून दृष्टी नाही, एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर, आणि नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. करत होते. बाकीचे विद्यार्थी कॅसेट तयार झाली की घेऊन जात. हे मात्र मी वाचत असताना समोर येऊन बसत. म्हणत, “कॅसेटला प्रश्न विचारता येत नाहीत.”

आरशासमोर जाऊन भुवया उंचावून बघायचं मला सुचलं नाही. मी माझ्याच कपाळावर बोट ठेवलं आणि भुवया वर केल्या. “बोटभर,” मी म्हणाले. “फार तर बोटभर जातात.”

“फक्त?” त्यांच्या आवाजात निराशा होती. “बोटभरासाठी शॉट?”

त्या दिवसापासून त्यांनी आश्चर्याचा पिच्छाच पुरवला. आमची ती कादंबरी चांगली जाडजूड होती आणि तिच्यातल्या माणसांना पानोपानी आश्चर्य वाटत होतं. कुणी दारात उभं राहिलं तरी वाटायचं आणि कुणी चहात साखर नको म्हटलं तरी वाटायचं. ‘वाइड-आइड’ आलं की पोतदार विचारत, डोळे रुंद होतात की उंच? मी विचार करून सांगायची की उंच. वरची पापणी वर जाते. मग ते म्हणत, “मग वाइड का म्हणतात?” ‘हिज जॉ ड्रॉप्ड’ला त्यांनी मला दहा मिनिटं अडवून धरलं. जबडा आपण पाडायचा असतो की तो आपोआप पडतो? पडल्यावर जीभ कुठे असते? ‘गेप’ आणि ‘गॉगल’ यांत तोंडाचं काम कोणतं आणि डोळ्यांचं कोणतं? ‘स्टार्टल्ड’, म्हणजे दचकलेल्या माणसाचा चेहरा ‘अॅस्टॉनिश्ड’ माणसाच्या चेहऱ्याहून कसा वेगळा ओळखायचा? मी शब्दकोश उघडला. शब्दकोशात एका शब्दाचा अर्थ म्हणून दुसरा शब्द होता आणि दुसऱ्याचा अर्थ म्हणून पहिला.

“तुम्हाला मराठी शब्द सांगू का?” मी एकदा वैतागून म्हणाले. “थक्क, चकित, अवाक.”

“ते सगळे आतले शब्द झाले. चेहऱ्याबद्दल मराठी फारसं बोलत नाही. आणि बोलते तेव्हा भरवसा ठेवता येत नाही. लहानपणी मी ऐकायचो की लोकांनी आश्चर्याने तोंडात बोट घातलं. मला वाटलं, घालत असतील. मग कुणी काही नवल सांगितलं की मी पण घालायचो. आमच्या दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असायचं, वडील म्हणायचे दागिना इतक्या तोळ्यांचा आहे, आणि मी लगेच तोंडात बोट घालून उभा.” ते स्वतःच हसले. “चांगला नऊ-दहा वर्षांचा होईस्तोवर. शेवटी आईनं हात खाली ओढला. म्हणून इंग्रजी बरं वाटतं. तिथं निदान कुठला अवयव कुठं जातो ते लिहिलेलं असतं.”

मी मनापासून हसले. हसता हसता कुतूहलही वाटलं. मी आयुष्यभर चेहरे बघत आले होते आणि त्यांच्यावर काय हलतं हे मला धड सांगता येत नव्हतं. वर्गात मुली ‘सरप्राइज्ड’ लिहीत आणि मी बरोबरची खूण करत असे.

“पण हे एवढं कशासाठी?” मी विचारलं. “परीक्षेत भुवया मोजायला सांगत नाहीत.”

पोतदारांनी टेपरेकॉर्डरच्या बटणावरचा हात काढून मांडीवर घेतला.

“मुलीसाठी,” ते म्हणाले.

त्यांना मुलगी झाल्याचे पेढे मी खाल्ले होते. केतकी नाव. तेव्हा चार-साडेचार महिन्यांची असेल. त्यांच्या बायकोची, निर्मलाची, दृष्टीही गेलेली होती, पण वयाच्या आठव्या वर्षी तापात. बाळाला बघायला निर्मलाची आई गावाहून येऊन राहिली होती. तिला सगळे अक्का म्हणत.

“अक्का टॉवेल तोंडावर धरतात आणि ‘कुऽऽक्, भॉ’ करतात. पोरगी खळखळून हसते,” पोतदार सांगू लागले. “निर्मलानं केलं तरी हसते. मी केलं की गप्प. रडत नाही, नुसती गप्प होते. मी अक्कांसारखा आवाज काढून बघितला. टॉवेल तोच घेतला. तरी गप्प. शेवटी अक्कांना विचारलं, तुम्ही नक्की करता तरी काय? त्या म्हणाल्या, ‘काय करतीया म्हंजी? त्वांड करतीया.’” ते थांबले. “ते तोंड मला शिकायचंय, मॅडम. टॉवेल बाजूला झाला आणि अरे, तू इथं होतीस होय! हे आश्चर्यच ना?”

“आश्चर्यच,” मी म्हणाले.

“आणि मला वेळ कमी आहे. उष्टावण झालं की अक्का गावाला जाणार. जाताना केतकीला घेऊन जायचं म्हणताहेत. दोन-तीन वर्षं तिथं राहू दे, निर्मलाच्या भावाच्या घरी, डोळस माणसांत. शाळेच्या वेळेला आणून सोडतो म्हणतात.”

“आणि निर्मलाताई?”

“तिचं ठरत नाही.”

त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही. घरी येताना बसमध्ये मी लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. एका बाईने पदर सावरला आणि चिडून माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. गावभागात वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, अगदी नीटनेटक्या. पोतदार बँकेतून यायचे होते. अक्का बाळाला तेल लावत होत्या. उंच, हाडापेराने मोठ्या, आणि बोलण्यात कसलाही आडपडदा नाही.

“तुमी त्या वाचनवाल्या बाई,” त्या म्हणाल्या. “आता तुमीच सांगा जावयास्नी. मी काय हौसंनं न्हेत न्हाई पोरीला. ह्या वयात मला तरी कुटं हुतंय रात्रंदीस? पन पोर माणसाच्या तोंडाकडं बगून माणूस हुतंय. निर्मलीचं ठीक हाय, तिला आठ वर्सं दिसत हुतं, तिच्या तोंडावर समदं येतंय. ह्यांच्या तोंडावर…” त्यांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “माणूस लाखात एक हाय बाई. पन पोर त्यांच्याकडं भिताडाकडं बगितल्यावानी बगतंय.”

निर्मला चहा घेऊन आली, कप न डगमगू देता माझ्या हाताशी ठेवला. तिने ऐकलं होतं.

“मला दिसत असतं तर मीच ठरवलं असतं,” ती म्हणाली. “आई म्हणते, ती यांच्याकडे बघतच नाही. हे म्हणतात, बघते, मला जाणवतं. मी कुणाचं खरं धरू? तुम्ही उष्टावणाला या ताई. तुम्ही ना आमच्या, ना आईच्या. बघा आणि जे दिसेल ते सांगा. मी तुमचं ऐकेन.”

मी हो म्हटलं. दुसऱ्याच्या लेकराचा निकाल आपल्या डोळ्यांवर सोपवलेला, हे काही हलकं काम नव्हे.

शिकवायचं कसं हा प्रश्न होता. पोतदारांचे वडील सोनार. त्यांची स्वतःची बोटंही तसलीच, तारेतला बाक नुसत्या स्पर्शाने ओळखणारी. चेहरा त्यांना बोटांनी वाचता आला असता, पण माझ्या चेहऱ्याला हात लावणं त्यांना प्रशस्त वाटेना आणि खरं सांगायचं तर मलाही वाटेना. अक्का सासूबाई, तिथे तर प्रश्नच नव्हता. निर्मलाच्या चेहऱ्याला बोटं लागली की तिला हसू फुटायचं. राहता राहिले माझे यजमान.

विद्याधर पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. कशाचंही नवल न वाटणारा माणूस. आमच्या लग्नानंतर त्यांना थक्क करायचे मी बरेच प्रयत्न केले होते आणि सगळे वाया गेले होते. पण काम ऐकल्यावर ते म्हणाले, “यात काय, करू की.” रविवारी सकाळी पोतदारांना बोलावलं. विद्याधर स्टुलावर ताठ बसले, भुवया चढवल्या, डोळे मोठे केले, तोंड उघडलं.

“असंच धरून ठेवा साहेब,” पोतदार म्हणाले आणि त्यांची बोटं हलकेच कपाळावरून खाली येऊ लागली.

“अंहं, हलू नका,” मी म्हणाले. कारण विद्याधरांना हसू येत होतं.

हसू दाबून त्यांनी चेहरा धरून ठेवला. धरणाच्या भिंतीचं माप घेताना दांडी धरून उभा राहणारा माणूस असतो, तसे ते बसले होते. पोतदारांनी एकेक जागा तपासली. भुवयांची कमान कुठे सुरू होते, कपाळावर आठ्या कशा आडव्या पडतात, पापणी किती वर सरकते, गाल कसे लांबतात. प्रत्येक जागी ते मला इंग्रजी शब्द विचारत आणि बोटाखालच्या गोष्टीशी जुळवून घेत. “म्हणजे हे ‘रेज्ड’. आणि हे ‘वाइड’. बरोबर. आणि ओठ? जरासे विलग ते ‘पार्टेड’, की आ वासलेले ‘गेपिंग’?”

“मधलं काही तरी,” मी म्हणाले.

“मधल्याला शब्द आहे का?”

“नाही.”

“कमाल आहे,” ते म्हणाले. हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायचं माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी विद्याधरांच्या ओठांकडे बघत होते.

मग त्यांनी स्वतःचा चेहरा घडवायला घेतला. एक हात विद्याधरांच्या तोंडावर, एक स्वतःच्या. पहिल्या दिवशी भुवया हलतच नव्हत्या. सगळं कपाळ एकदम आक्रसून यायचं आणि रागावल्यासारखं दिसायचं. दुसऱ्या रविवारी भुवया आल्या, पण डोळे मिटू लागले. मग डोळे आले आणि तोंड वाकडं झालं. मी समोर उभी राहून सूचना देत होते, “डावी भुवई अजून वर. हनुवटी सोडा. आता धरून ठेवा.” विद्याधर चहा गार करत बसायचे आणि एकीकडे म्हणायचे, “पोतदार, माझ्यापेक्षा तुमचा चांगला येतोय.”

आणि खरोखरच आला. उष्टावणाच्या आधीच्या रविवारी पोतदारांनी भुवया चढवल्या, पापण्या वर नेल्या, जबडा अलगद सोडला, आणि समोर एक चकित झालेला माणूस बसलेला मला दिसला. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी तो चेहरा तसाच ठेवून, ओठ न हलवता, घशातून विचारलं, “जमलं?” मी म्हणाले, “पैकीच्या पैकी.”

उष्टावणाला खोलीत घरचीच माणसं होती. पोतदार, निर्मला, अक्का, निर्मलाचा भाऊ संपत आणि मी. विद्याधर दौऱ्यावर होते. चांदीच्या वाटीत तांदळाची खीर, पाटाभोवती रांगोळी, बाळाला जरीचं झबलं. संपतने भाचीला मांडीवर घेऊन सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली. केतकीने चव घेतली, तोंड वेडंवाकडं केलं आणि आणखी मागितलं. सगळे हसले. अक्कांनी संपतच्या मांडीवरून तिला उचलून पोतदारांच्या पुढ्यात सतरंजीवर बसवलं, पाठीला उशी लावून.

दाराशी अक्कांची बॅग भरून ठेवलेली होती. संध्याकाळची एसटी होती.

“द्या मला टॉवेल,” पोतदार म्हणाले.

निर्मला मांडी घालून बसली होती ती सरळ झाली. तिने माझ्या दिशेने मान वळवली. मी बाळाच्या चेहऱ्यावर नजर ठेवली.

पोतदारांनी टॉवेल तोंडासमोर धरला. “कुऽऽक्…” केतकी टॉवेलकडे बघू लागली. तिचे पाय आनंदाने हलायला लागले. हे चांगलं चिन्ह होतं. “भॉ!” टॉवेल खाली आला.

चेहरा अगदी बरोबर होता. भुवया, पापण्या, जबडा, सगळं जिथल्या तिथे. केतकीचे पाय थांबले. ती बघत राहिली आणि पोतदारांनी चेहरा धरून ठेवला. भुवया वरच होत्या, डोळे तसेच ताणलेले, तोंड तसंच उघडं. केतकीचा खालचा ओठ पुढे आला, थरथरला, आणि तिने जो टाहो फोडला तो खालच्या मजल्यावर गेला असेल. आणि तरीही पोतदारांचा चेहरा जागचा हलला नाही. आपण नीट करत नसू असं वाटून त्यांनी भुवया आणखी वर चढवल्या.

अक्कांनी झटकन पोरीला उचललं आणि खांद्यावर घेतलं. “न्हाई गं माझे बाय, न्हाई.”

“काय झालं?” निर्मलाने विचारलं. “का रडली? ताई, सांगा ना.”

खोटं बोलायची फार इच्छा झाली. दात येत असतील म्हणून सांगता आलं असतं, झबलं टोचलं असेल म्हणता आलं असतं. पण समोरच्या दोघांना माझ्या डोळ्यांखेरीज दुसरे तटस्थ डोळे नव्हते आणि ते मी वाकडे चालवले तर त्यांना कधीच कळणार नव्हतं.

“चेहऱ्याला घाबरली,” मी म्हणाले. “चेहरा चुकला नाही. सगळं बरोबर होतं. पण तो तसाच राहिला, पोतदार. तो जायला हवा होता.”

त्यांनी भुवया खाली आणल्या. हाताने चाचपून आल्याची खात्री केली. “जातो?”

“जातो. येतो आणि लगेच जातो.”

“लगेच म्हणजे?”

“डोळा लवतो ना, तेवढ्यात.”

“हे तुम्ही सांगितलं नाहीत.”

“मला ठाऊकच नव्हतं,” मी म्हणाले. आणि ते खरं होतं. आम्ही तिघांनी मिळून एक चेहरा पुस्तकातून काढला होता, बोटांना वाचता यावा म्हणून धरून ठेवला होता, आणि धरलेला चेहरा म्हणजेच चेहरा असं समजून चाललो होतो. कादंबरीतल्या भुवया वर गेल्याचं लेखक लिहितात. त्या खाली कधी आल्या हे कुणीच लिहीत नाही.

पोतदार टॉवेलची घडी घालू लागले. घडीवर घडी, कडांना कडा जुळवून. “इतके दिवस ती निदान गप्प तरी राहायची,” ते म्हणाले. “मी तिला रडवली.” मग बायकोच्या दिशेने वळून म्हणाले, “निर्मला, जाऊ दे तिला. अक्का सांगतात ते बरोबर आहे. तिथं तिला हसायला माणसं मिळतील.”

निर्मलाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं आणि पुसायचं भान नव्हतं. संपत खिडकीबाहेर बघत होता. मला इतकं वाईट वाटत होतं की मी खिरीची वाटी हातात घेऊन नुसती ढवळत बसले.

अक्काही हलल्या नाहीत. जिंकलेल्या माणसासारखं त्यांच्या तोंडावर काही नव्हतं. केतकी एव्हाना हुंदके देऊन शांत झाली होती आणि माझ्या हातातल्या वाटीकडे झेपावत होती. अक्कांनी वाटी तिच्या पुढे केली तर तिने सगळा पंजाच खिरीत बुडवला.

“घ्या एकदा मांडीवर,” अक्का जावयाला म्हणाल्या. “जायच्या आदी घ्या.”

पोतदार मुलीला नेहमी पाठमोरी धरायचे. तिची पाठ आपल्या छातीला, दोन्ही हातांचा विळखा, तिचे हात आत दाबलेले. पडेल ही भीती. आज मात्र अक्कांनी तिला समोरासमोर ठेवली, बापाच्या मांडीवर उभी केली, आणि त्यांचे दोन्ही तळवे तिच्या काखेत घातले.

“केतकी,” ते म्हणाले. “मामाकडे शहाण्यासारखं राहायचं हं. आजीला त्रास नाही द्यायचा. आणि आम्ही…”

पुढचं वाक्य आलं नाही. केतकीने खिरीने बरबटलेला पंजा उगारला आणि बोलणाऱ्या तोंडात थेट घातला.

डोळस माणसाला तो हात येताना दिसला असता. मान मागे गेली असती, ओठ मिटले असते. पोतदारांना तो तोंडात आल्यावरच कळला. त्यांच्या भुवया उडाल्या. दुसरा शब्द मला आजही सुचत नाही. दोन्ही पापण्या वर गेल्या, कपाळभर आठ्या उमटल्या, तोंड उघडं पडलं, आणि मी हे पुरतं बघते न बघते तोवर सगळं मावळलं आणि ते खीर गिळू लागले. आम्ही इतके रविवार घासूनपुसून जे बसवत होतो, ते सगळं त्या क्षणात आपोआप आलं होतं आणि निघूनही गेलं होतं.

केतकी टक लावून बघत होती. क्षणभर ती श्वास घ्यायची थांबली. मग तिच्या पोटातून हसू फुटलं.

तिने पुन्हा पंजा मारला. या वेळी नाकावर. पुन्हा भुवया उडाल्या. पुन्हा हसू. मग कानावर, मग डोळ्यावर, आणि प्रत्येक वेळी तो चेहरा तसाच ताजा. आमच्यासारख्यांना दुसऱ्या खेपेला कळलं असतं की आता हात येणार, आणि आम्ही नुसता आव आणला असता. यांना कळायची सोयच नव्हती. ती हसून हसून त्यांच्या हातांत वाकत होती, सरळ होत होती आणि पुन्हा त्यांच्याच तोंडाकडे बघत होती.

“ही कुणाकडे बघून हसतेय?” निर्मलाने विचारलं. “ताई? आई? कुणाकडे?”

मी तोंड उघडलं, पण अक्का आधी बोलल्या.

“बापाकडं,” त्या म्हणाल्या. “बापाच्या तोंडाकडं बगतीया गं. डोळं हटंनात पोरीचं.”

निर्मलाने दोन्ही हात तोंडावर घेतले.

“पण मी काय केलं?” पोतदार म्हणाले. खीर त्यांच्या भुवयांवर, गालांवर, शर्टावर होती. “मॅडम, सांगा. कुठलं आलं? ‘रेज्ड’ आलं का? ‘वाइड’? तोंड किती उघडलं? लवकर सांगा, लक्षात ठेवायला हवं.”

“सगळे आले,” मी म्हणाले. मला हसू आणि रडू एकदम येत होतं. “सगळे शब्द एकदम आले, पोतदार.”

“पण कसे? मला पुन्हा करता येणार नाही. मी काही केलंच नव्हतं.” त्यांच्या आवाजात भीती होती. हातात आलेली गोष्ट निसटून जाईल अशी. “उद्या ती समोर बसली आणि मला जमलं नाही तर? अक्का, मला मुद्दाम नाही हो करता येत हे.”

अक्का उठल्या. दाराजवळच्या बॅगेपाशी जाऊन खाली बसल्या, चेन उघडली आणि आपल्या लुगड्यांच्या वरच ठेवलेली केतकीची झबली, लंगोट, टोपडी एकेक करून बाहेर काढायला लागल्या. संपत काही बोलायला गेला तर त्याला त्यांनी हातानेच गप्प केलं.

“तुमी नका करू,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “ती करील.”